‘आपली माणसं’ ग्रुप : अमेयच्या माळ्यावरची हवा

अमेय (फ्रिस्को, टेक्सस): काका, जागे आहात का? तुमच्याकडे सकाळ झाली असेल. एसी रात्रंदिवस चालतोय, तरी वरच्या मजल्यावर 82 फॅरनहाइटच्या खाली येत नाही. बाहेर 104. काल तांब्याच्या जाड पाइपवर बर्फ साचला होता. टेक्निशियन येऊन गेला, म्हणाला 4 टन कमी पडतोय, 5 टन बसवा. कोटेशन बघून पोटात गोळा आला.

मंगलआत्या (ठाणे): बर्फ साचला म्हणजे गार होतोय ना? मग तक्रार कसली?

केदार (नाशिक): आत्या 😂

श्रीकाका (पुणे): मंगल, कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ म्हणजे गारवा तिथेच अडकलाय, खोलीपर्यंत पोचत नाहीये. हवा कमी वाहते, कॉइल गोठते, बर्फाने जाळी बुजते आणि हवा आणखी कमी होते. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, पण हवा आधी बघायची. अमेय, त्याने स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टच्या (हवेच्या वाहिन्यांच्या) आतला दाब, मोजलं का?

अमेय: नाही. गॅसचे गेज लावले, मशिनकडे बघितलं आणि टॅब्लेटवर कोटेशन केलं. वीस मिनिटं.

श्रीकाका: म्हणजे नाडी न बघता ऑपरेशनची तारीख. तुझं मशीन माळ्यावर आहे ना? फर्नेसच्या, म्हणजे थंडीत घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, दारामागे प्लेट असेल, तिचा फोटो टाक. आणि ऋता, गॅस फर्नेस हिवाळ्यात मध्येच बंद पडायची असं तू म्हणाली होतीस ना?

ऋता (अमेयची बायको): हो काका. जानेवारीत दहा-बारा मिनिटं चालायची, मग बर्नर बंद, नुसता पंखा चालू. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

श्रीकाका: दोन्ही ऋतूंत एकच दुखणं दिसतंय. थंडीत हवा कमी पडली की आतला पत्रा तापतो आणि लिमिट स्विच बर्नर तोडतो.

अमेय: प्लेटवर लिहिलंय, मॅक्स एक्स्टर्नल स्टॅटिक 0.50 इंच वॉटर कॉलम. हा इंच कसला?

श्रीकाका: पाण्याचा. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळीत पाणी भरतात, पाहिलंयस ना? दोन्ही तोंडं उघडी असली की पाणी एका रेषेत. आता एक तोंड डक्टमध्ये घाल. डक्टमधल्या दाबाने त्या बाजूचं पाणी खाली जाईल, दुसऱ्या बाजूचं वर. दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे दाब. तुझ्या ब्लोअरला (मशिनच्या पंख्याला) अर्धा इंच, म्हणजे आमच्या भाषेत साडेबारा एमएम, एवढाच अडथळा झेपतो. त्यात रिटर्नची, म्हणजे घरातली हवा मशिनकडे परत नेणाऱ्या बाजूची, ओढ आणि सप्लायचा, म्हणजे खोल्यांत हवा सोडणाऱ्या बाजूचा, रेटा दोन्ही आले. एक उणे, एक अधिक. चिन्हं विसरून बेरीज करायची.

केदार: काका, हे एवढं सोपं आहे तर त्याने मोजलं का नाही?

श्रीकाका: भोकं पाडायला लागतात आणि मग उत्तर द्यावं लागतं. हॉटेलांच्या डक्टिंगमध्ये माझी तीस वर्षं गेली. चांगल्या कंत्राटदारांनाही मी हे टाळताना पाहिलंय. अमेय, दोन नळ्यांचा डिजिटल मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) आणि डक्टमध्ये घालायचे प्रोब मागव. 5 टनापेक्षा स्वस्तच पडेल.

अमेय: मागवला. शनिवारी येईल.

श्रीकाका: माळ्यावर पहाटे जा, दुपारी तिथे भाजून निघशील. आधी मशीन बंद. पहिलं भोक रिटर्नच्या बाजूला, ब्लोअरच्या आधी. दुसरं फर्नेस आणि कॉइलच्या मधल्या पत्र्यात, आणि इथेच सांभाळ. कॉइल कुठून सुरू होते ते दार उघडून डोळ्यांनी बघ. ड्रिल आत घसरून कॉइलला लागला तर 5 टन खरंच घ्यावा लागेल. खात्री नसेल तर मोजणारा माणूस बोलाव, पण मोजणाराच. प्रोबचं टोक येणाऱ्या हवेकडे तोंड करून धर. कूलिंग पंधरा मिनिटं चालू दे, मग आकडा घे.

मंगलआत्या: दादा, तो सॉफ्टवेअरवाला आहे, त्याला ड्रिल कशाला द्यायचा?

ऋता: आत्या, मी खाली शिडी धरून उभी राहते.

*(शनिवार)*

अमेय: रिटर्न उणे 0.52. सप्लाय अधिक 0.38. बेरीज 0.90!

श्रीकाका: वाटलंच होतं. जवळजवळ दुप्पट. आता मशिनच्या मॅन्युअलमध्ये ब्लोअरचा तक्ता शोध. तुझ्या स्पीडची ओळ, 0.9 चा रकाना.

अमेय: हाय स्पीड, 0.9… 1190 सीएफएम.

श्रीकाका: सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. टनामागे साधारण 400 धरतात. 4 टनाला 1600 हवे, तुला मिळतात 1190. म्हणजे टनामागे तीनशेसुद्धा नाहीत. याच डक्टांवर 5 टन लावला तर 2000 हवेत. हवा सव्वापट केली की दाब दीडपटीच्या वर जातो, कारण तो वर्गाने वाढतो. नवं मशीन जुन्यापेक्षा लवकर गोठलं असतं. रिटर्नची जाळी केवढी? फिल्टर कुठला?

अमेय: हॉलच्या छतात एकच, 20 बाय 25. फिल्टर 1 इंची, मर्व्ह 13 (आकडा जेवढा मोठा, तेवढा फिल्टर बारीक). धुराच्या दिवसांत घेतला होता, तोच चालू ठेवला.

श्रीकाका: 500 चौरस इंच झाले. टनामागे 200 तरी हवेत, म्हणजे 800. त्यात एवढा बारीक फिल्टर, तोही एकच इंच जाड. घट्ट बांधलेल्या फडक्यातून ताक गाळण्यासारखं. बारीकच हवा असेल तर 4 इंची घे, त्याच्या घड्यांत कागद जास्त मावतो. तूर्त मर्व्ह 8 लाव. आणि खोल्यांच्या जाळ्या सगळ्या उघड्या आहेत ना?

ऋता: 🙈 पाहुण्यांच्या दोन खोल्यांच्या मी बंद केल्या आहेत. बिल कमी येईल म्हणून.

श्रीकाका: बहुतेक घरांत तेच करतात गं. नळ बंद केला की पाणी वाचतं, तसं इथे होत नाही. ब्लोअर तेवढाच, वाटा कमी, दाब वाढला. उघड त्या.

अमेय: दोन्ही केलं. रिटर्न 0.43, सप्लाय 0.37. बेरीज 0.80. तक्त्यात 1290.

केदार: वीस डॉलरच्या फिल्टरने 100 सीएफएम. बक्षीस द्या ऋतावहिनींना.

श्रीकाका: ठीक, पण रोग रिटर्नमध्येच आहे. वरच्या मजल्यावर दुसरी रिटर्न जाळी काढून घे. डक्टवाला सुतार किंवा पत्रेवाला मिळेल तिथे. कंत्राटदाराला आधीच सांग, काम झाल्यावर आपण पुन्हा मोजणार आहोत.

*(बारा दिवसांनी)*

अमेय: दुसरी जाळी बसली. रिटर्न 0.22! पण सप्लाय वाढून 0.44 झाला. काही बिघडलं का?

श्रीकाका: बिघडलं नाही. हवा वाढली, ती त्याच कॉइलमधून आणि त्याच डक्टांतून जाते, म्हणून तिकडचा दाब चढला. बेरीज 0.66. तक्ता काय म्हणतो?

अमेय: 1410. टनामागे 352.

श्रीकाका: चालेल. अजून प्लेटपेक्षा जास्तच आहे, म्हणून हुरळून जाऊ नकोस. वरची खोली?

ऋता: 76! रात्री पांघरूण घेतलं काका.

श्रीकाका: डिसेंबरात फर्नेसचा ताळा करू. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक घे, त्याला 1.08 ने गुण, आणि फर्नेसच्या आउटपुट बीटीयूला (ती तासाला देते त्या उष्णतेला) त्याने भाग. सीएफएम येतो. तो मॅनोमीटरशी जुळतो का बघू. हीटिंगचा स्पीड वेगळा असतो, तक्त्यात त्याच ओळीशी ताडून बघ. आणि माळ्यावरच्या फ्लेक्स डक्टचे फोटो पाठव, कुठे लोंबकळलेत, कुठे पिळलेत ते दिसेल. 0.44 मधला थोडा तिथे सापडेल.

मंगलआत्या: दादा, अमेरिकेचं झालं असेल तर माझ्याकडे बघ. आमच्या बेडरूमच्या स्प्लिटमधून पाणी टपकतंय. आमच्याकडे पण डक्ट मोजायचे का?

श्रीकाका: स्प्लिटला डक्टच नसतात मंगल. पुढची जाळी कधी धुतलीस?

मंगलआत्या: दिवाळीत.

केदार: कुठल्या?