स्वतःच्या कामाविषयी लिहिणे म्हणजे आत्मस्तुती होते का?

प्रश्न: धागादोरा, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी १६ वर्षांपासून नक्षीचे ग्राफ काढतो. सुरुवातीला चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरायचे, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून घ्यायची आणि त्या कार्डांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, चढवायची, अशी पद्धत होती. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यापासून हेच काम संगणकावर होते, आणि ते मी पाळी संपल्यावर घरी व्हिडिओ पाहून शिकलो.

गेल्या महिन्यात पुण्यातील एका कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा त्यांनी लिंक्डइनचे पान आणि कामाचे नमुने मागितले. माझ्याकडे दोन्ही नव्हते. खाते उघडले, पण ‘स्वतःविषयी’ या रकान्यापुढे तीन रात्री बसूनही एक ओळ लिहवली नाही. आमच्या तीन पिढ्या मागावर गेल्या. माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येते, आपण आपली टिमकी वाजवू नये, हीच शिकवण मिळाली. आजोबांनी विणलेल्या एकाही चादरीवर त्यांचे नाव नाही. अशा घरातल्या माणसाने स्वतःबद्दल काय लिहावे?

प्रतिसाद: मूळची साखर पेठेतली, सध्या पुणे

दादा, मी भरतीच्या कामात आहे आणि दिवसाला कितीतरी अर्ज वाचते. ‘मेहनती’, ‘कल्पक’, ‘ध्येयवादी’ हे शब्द जवळपास प्रत्येक अर्जात असल्यामुळे त्यांवरून माणूस ओळखता येत नाही. एखाद्याने अडलेले काम कसे सोडवले हे चार ओळींत नीट सांगितलेले असेल, तर मात्र मी थांबते आणि त्याला फोन लावते. त्यामुळे स्वतःला विशेषणे लावण्याचा विचार मनातून काढून टाका आणि कोणत्या ग्राफने तुम्हाला सर्वांत जास्त छळले, तेवढेच लिहा. त्यात कौतुक करावे लागत नाही, जे घडले ते सांगावे लागते. घरी बसून संगणकावरचे काम शिकलात, हेही जरूर लिहा. १६ वर्षांच्या अनुभवानंतर नवे शिकायला बसणारा माणूस आम्हाला हवाच असतो. आधी मराठीत लिहून काढा. इंग्रजी नंतर करता येते, पण विचारच इंग्रजीत करायला बसलात तर पुन्हा तेच ठरावीक शब्द हाताशी येतील.

प्रतिसाद: नोंदवही

वरचा सल्ला योग्य आहे, परंतु नमुने टाकण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासा. नोकरीत असताना कारखान्यासाठी काढलेल्या नक्षीवर, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाचा हक्क असतो. शिवाय डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीसाठी नक्षी नवी असावी लागते, आणि अर्ज करण्यापूर्वीच ती प्रसिद्ध झाली असेल तर नोंदणी नाकारली जाऊ शकते. नोंदणी मिळाली तर १० वर्षांचे संरक्षण लाभते व ते पुढे ५ वर्षे वाढवता येते. म्हणजे तुम्ही हौसेने टाकलेल्या एका फोटोमुळे मालकाचे हे सर्व संरक्षण जाऊ शकते. म्हणून बाजारात आधीच विकला गेलेला मालच दाखवा, तोही मालकांची लेखी परवानगी घेऊन. नाही मिळाली, तर घरी स्वतःसाठी दोनतीन नव्या नक्षी काढा. त्यातूनही तुमचा हात दिसेल.

धागादोरा

दोघांचेही मनापासून आभार. मालकांना विचारले, जुन्या मोराच्या चादरीपुरती परवानगी त्यांनी लिहून दिली. काल रात्री पुढचे लिहिले, कृपया पाहावे:

‘मोराच्या तुऱ्यात धागा बराच लांबवर सुटा राहत होता आणि तो बायकांच्या पायांतल्या जोडव्यांत अडकतो, अशी तक्रार दुकानदारांकडून आली. आम्ही तुऱ्याच्या प्रत्येक पिसात दोन ठिकाणी जास्तीची बांधणी देऊन सुटा धागा विणीत पकडला. त्यामुळे मानेची गोलाई पायऱ्यांसारखी दिसू लागली, म्हणून आम्ही मानेचा भाग चार वेळा नव्याने काढला. चादरीच्या उलट्या बाजूलाही मोर नीट दिसावा लागतो, कारण सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरतात. चौथ्या ग्राफनंतर तक्रार आली नाही.’

प्रतिसाद: मूळची साखर पेठेतली, सध्या पुणे

दादा, जोडव्यांचे वाक्य वाचताना आईची चादर आठवली. तिचा धागा अगदी असाच निघायचा. आता फक्त ‘आम्ही’ हा शब्द तपासा. बांधणी कुणी सुचवली आणि मान चार वेळा कुणी काढली? मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

धागादोरा

बांधणी सुचवली ती मागावरच्या जुन्या कारागिरांनी. मान चारही वेळा मीच काढली. त्याप्रमाणे बदल केला. दुसऱ्या वाक्यात कारागिरांचा उल्लेख केला आहे, तिसऱ्यात ‘मी’ लिहिले आहे. आज दुपारी चादरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढतो आणि संध्याकाळी पान पुण्याला पाठवतो.