मागून धडक: ब्रेकचा दोष की अंतराचा?

धागाकर्ता:
मागच्या आठवड्यात सिग्नलला उभा होतो, पाय ब्रेकवर, आणि मागून धाडकन बसली. मान झटक्यात मागे गेली, पाण्याची बाटली सीटवरून खाली. उतरून बघतो तर माझ्या बंपरला दोन ओरखडे आणि मागच्या गाडीचं बॉनेट घडी पडून वर आलेलं, रेडिएटरचं हिरवं पाणी रस्त्यावर. गृहस्थ सज्जन होते, भांडले नाहीत, पण एकच वाक्य चार वेळा म्हणाले, "अहो ब्रेक दाबला हो मी, लागलाच नाही."

हे वाक्य मला पटत नाही म्हणून हा धागा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक-दीड सेकंद जातो, म्हणजे १७ ते २५ मीटर गाडी पूर्ण वेगात पुढे गेलेली असते आणि तोवर ब्रेकला आपण हातही लावलेला नसतो. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक साधारण २० मीटरमध्ये थांबवतो. आणि आपण चालवतो कसे, तर पुढच्याच्या डिकीला चिकटून. माझं मत स्पष्ट आहे, मागून ठोकलं की जबाबदारी मागच्याची, ब्रेकचं कारण सांगू नये.

रोजचा_प्रवासी:
सहमत. वेगाचं लोकांना कळतच नाही. ५० वरून जिथे एक गाडी पूर्ण थांबते, तिथे त्याच ब्रेकची ६० वरून येणारी गाडी अजून ३३ च्या वेगात असते, दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबला तरी. फरक दिसायला दहाचाच.

चौथा_गिअर:
असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो. तुमचा ४० मीटरचा हिशोब उभ्या गाडीसाठी बरोबर आहे. पण चालत्या रस्त्यावर पुढची गाडी भिंत नसते, तीही ब्रेक मारता मारता पुढे सरकत असते. दोघांचे ब्रेक सारखे असतील तर पाय हलायला जो वेळ लागतो तेवढंच अंतर पुरतं, म्हणून तर दोन सेकंदांचा नियम चालतो, म्हणजे पुढची गाडी जिथून गेली तिथे आपण दोन सेकंदांनी पोचायचं. पण ब्रेक सारखे असतात का? पुढची नवी, चारही चाकांना डिस्क, टायर कोरे करकरीत. मागची जुनी, टायरची नक्षी झिजलेली, त्यात रस्ता ओला. पुढची २० मीटरमध्ये थांबली आणि हिला ३५ लागले तर वरचे १५ मीटर कुठून आणायचे? ब्रेकचं कारण सांगू नये असं एका वाक्यात उडवून लावता येत नाही हो.

धागाकर्ता:
@चौथा_गिअर, चालत्या गाडीचा मुद्दा मान्य, मी तो धरलाच नव्हता. पण ज्याची गाडी उशिरा थांबते त्यानंच लांब राहायचं ना? हे तर माझ्याच बाजूचं झालं.

चौथा_गिअर:
त्याला माहीत असेल तर! रोज हळूहळू झिजणारा ब्रेक रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. पायाला सवय होत जाते.

अवजड_वाहन:
मी मोठी गाडी चालवतो, एअर ब्रेक. पेडल दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचून ब्रेक पूर्ण धरायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो, ८० ला ते ११ मीटर झाले आणि मग पुढे वजन आहेच. म्हणून मी जागा सोडून चालतो. आणि सोडलेल्या जागेत कार येऊन घुसते, घुसल्या घुसल्या ब्रेक मारते. अशी ठोकली तर मागचा मीच ना? माझं अंतर कुणी खाल्लं तेही विचारा.

रोजचा_प्रवासी:
दादा, तुमचं दुखणं खरं आहे आणि असं घुसणाऱ्याला दोषी धरलंच पाहिजे. कारवाल्यांसाठी मात्र सांगतो, "जागा सोडली की कुणीतरी घुसतं" ही सबब आहे. घुसला तर परत दोन सेकंद मागे व्हा. दहा जण घुसले तरी प्रवासात वीस सेकंद गेले, एवढंच.

नुकतंच_लायसन्स:
पुढच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. माझ्या पुढे एक गाडी होती जिचे मागचे तिन्ही ब्रेक लाइट गेलेले, ती हळू होतेय हे मला ती मोठी दिसायला लागली तेव्हा कळलं. थोडक्यात वाचले, पोटात अक्षरशः गोळा आला होता. ठोकली असती तर चूक माझी? आणि गिअर उतरवून गाडी हळू केली तर मागे लाल दिवा लागत नाही, हे मला क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. उतारावर लोक सर्रास तसंच करतात, आणि करावंच, पण मागे गाडी असेल तर ब्रेकला हलका पाय लावून दिवा तरी दाखवावा.

पाना_पक्कड:
गॅरेज आहे माझं, रोज अशा गाड्या उघडतो. "दाबला पण लागला नाही" म्हणून आलेल्यांना मी आधी एकच विचारतो, पेडल कसं लागलं पायाला? खाली बसलं, दगडासारखं कडक झालं, की थरथरलं? तिन्हीचे अर्थ वेगळे.

स्पंजासारखं खाली बसलं तर लाइनमध्ये हवा तरी आहे, गळती तरी आहे, नाहीतर ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की तीच हद्द १५५ वर येते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून चालवलं की आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत जात नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं हा बिल वाढवतोय. कडक झालं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बघायचा, किंवा तो इंजिनवर चालतो म्हणून इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती का ते विचारायचं.

आणि थरथरलं, खालून टरटर आवाज आला, तर ब्रेक उत्तम चालू होता! ते एबीएस. चाक जाम होऊ नये म्हणून ते सेकंदात कितीतरी वेळा दाब सोडतं-धरतं. अशा वेळी पाय आणखी रेटायचा आणि जागा असेल तर स्टिअरिंग वळवून बाजूला काढायची, एबीएस मुख्यतः त्यासाठीच आहे. लोक घाबरून पाय उचलतात. खडी-मातीवर मात्र एबीएसमुळे गाडी थोडी लांबच जाते, तिथे त्याच्या भरवशावर राहू नका.

जुनी_गाडी_सोनं:
ब्रेक सोडा, उभ्या गाडीला टेकली तर बॉनेटची घडी? हल्लीच्या गाड्या पत्र्याचे डबे झालेत. आमच्या जुन्या गाडीला अशी बसली असती तर काही झालं नसतं.

चौथा_गिअर:
गाडीला काही झालं नसतं, आत बसलेल्याला झालं असतं. चुरगळणारं नाक मुद्दाम तसं बनवतात. बेला बारेनी या मर्सिडीजच्या इंजिनिअरची ही कल्पना १९५९ पासून गाड्यांत आली. ताशी ५० ने भिंतीवर गेलेली गाडी ६० सेंटीमीटर चेपली तर सरासरी १६ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या सोळापट जोर बसतो, १० सेंटीमीटरच चेपली तर शंभराच्या घरात. पत्रा नवा मिळतो.

पाना_पक्कड:
बरोबर. आणि करकचून ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं. मग मागच्याचा बंपर पुढच्याच्या बंपरखाली शिरतो, आतली मजबूत आडवी पट्टी पट्टीला भिडतच नाही, मार बसतो बॉनेट-दिवे-रेडिएटरला. पण धागाकर्ते, ओरखड्यांवर जाऊ नका. प्लॅस्टिक दबून परत जागेवर येतं, आतलं येत नाही. बंपर उघडून घ्या आणि डिकीच्या झाकणाची फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा.

धागाकर्ता:
आज उघडून घेतला. आतली पट्टी मधोमध वाकलीये, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा लाटेसारखा झालाय आणि झाकणाची फट डावीकडे बोट जाईल एवढी, उजवीकडे नखही जात नाही. बाहेरून शप्पथ काही दिसत नव्हतं. शिवाय माझा हेडरेस्ट अगदी खाली, मानेशी होता, डोक्याच्या मागे असायला हवा तो. मान अजून दुखतेय, डॉक्टरांना दाखवलं.

त्या गृहस्थांना फोन करून पेडलचं विचारलं. म्हणाले, "थरथरलं हो, मला वाटलं काहीतरी तुटलं, म्हणून पाय काढला." म्हणजे ब्रेक चांगला होता. मी माझ्या मतावर कायम आहे.

चौथा_गिअर:
मीही कायम. पेडल थरथरणार हे त्यांना एकदाही कुणी दाखवलं नव्हतं, मग तो ब्रेक त्यांच्या काय कामाचा?

नुकतंच_लायसन्स:
मी आज सकाळी रिकाम्या मैदानात बाबांना शेजारी बसवून ४० वरून पूर्ण ताकदीनं ब्रेक मारला. पेडल पायाखाली फडफडलं आणि बाबांनी दरवाजाचं हँडल धरलं. दुसऱ्यांदा पाय काढला नाही. मग बाबा म्हणाले उतर, मला चालवू दे, आणि त्यांनी पहिल्याच वेळी पाय काढला.