मदत हवी आहे : 'सत्तावीस' ऐकून मुलं 72 लिहितात

इयत्ता दुसरी, पट 24. अंक पाहून वाचन बरं आहे, घोळ श्रुतलेखनात. 'सत्तावीस' म्हटलं की आधी 'सत्ता' कानावर पडतं, म्हणून 7 आधी लिहिला जातो आणि होतात 72. त्रेपन्नमध्ये 'पन्न' निदान ऐकू तरी येतं. बावन्नमधलं 'वन्न' म्हणजे पन्नास हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

आत्तापर्यंत केलेलं : आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. शिवाय 20 चं लांब कार्ड, त्याच्या शून्यावर 7 चं छोटं कार्ड ठेवून 27. कार्ड हातात असताना चूक जवळजवळ होत नाही, कार्ड काढलं की पुन्हा 72. 2019 च्या दुसरीच्या पुस्तकातलं 'वीस सात' वाचनही घेतलं. त्याने लिखाण सुधारतं, पण बाजारात नि घरी सत्तावीसच ऐकायचंय ना!

'एकोण'चं दुखणं वेगळं. एकोणचाळीस ऐकून 49 किंवा 41. चार गठ्ठ्यांतला एक सुटा करून त्यातली एक काडी काढली की 39 दिसतात, हे पटतं. वहीत मात्र 'चाळीस' ऐकताच 4 उमटतो. वर नव्व्याण्णवला हा नियमच नाही.

विचारायचं ते असं :
श्रुतलेखनात आधी दशकाची जागा रिकामी सोडून एकक लिहायला लावावं का? पुढे तीन अंकी संख्यांत ही सवय नडते का?
'एकोण'च्या संख्या त्या-त्या दशकासोबत घ्याव्यात, की सगळ्या शेवटी एकत्र?
'वीस सात'चा आधार किती आठवड्यांनी काढता?

वर्गात करून पाहिलेलंच सांगा. पाढे पाठ करून घ्या, हे नको.