मदत हवी आहे: सहिष्णू, सहनशील, सोशीक... कुठे कोणता शब्द?

काना_मात्रा:
एका माहितीपुस्तिकेच्या अनुवादात 'टॉलरंट' चार ठिकाणी आलाय आणि मसुद्यात चारही ठिकाणी 'सहनशील' पडलंय.
(१) वेगळ्या मतांबाबत सहनशील समाज
(२) क्षारांना सहनशील वाण
(३) गैरवर्तनाबाबत शून्य सहनशीलता
(४) नवख्यांच्या चुकांबाबत सहनशील वरिष्ठ
पहिलं आणि चौथं कानाला खटकतं, तिसरं तर मराठीच वाटत नाही. पण का, ते नेमकं सांगता येईना. शिवाय 'सहिष्णू'चा णू ऱ्हस्व की दीर्घ?

उपान्त्य:
व्युत्पत्तीत उत्तर शोधाल तर फसाल. 'सह्' धातूला 'इष्णु' प्रत्यय लागून सहिष्णु होतो. शिवरायांच्या राजमुद्रेतला 'वर्धिष्णु' याच साच्यातला. हा प्रत्यय 'तसा स्वभाव असलेला' एवढंच सांगतो. म्हणजे मुळात सहिष्णु आणि सहनशील एकच. फरक पाडला तो मराठी वापराने.

वाक्याला दोन प्रश्न विचारा. समोर काय आहे, त्रास की वेगळेपणा? आणि अडवायची ताकद हातात होती का?

सोशीक माणसासमोर त्रास असतो आणि बहुतेकदा इलाज नसतो. म्हणून 'सोशीक सून' कानाला बसतं, 'सोशीक सरकार' म्हटलं की हसू येतं. सहिष्णूचं उलट. समोर परकं मत, धर्म, चालीरीत. अडवता आलं असतं, तरी अडवलं नाही. सहिष्णू राजा होऊ शकतो, त्याचा कैदी नाही. सहनशील या दोघांच्या मधला: त्रास आहेच, पण तो पेलण्याच्या बळाचं कौतुकही त्यात येतं. पहिल्या वाक्यात त्रास नाही, मतभेद आहे. तिथे 'परमतसहिष्णू समाज'.

एक अडचण राहते. सहिष्णूला स्वतःचं क्रियापद नाही. 'सहन करणे' घेतलं की अर्थ पुन्हा त्रासाकडे घसरतो. 'ते परधर्म सहन करतात' यात कपाळावरची आठी दिसते. सहिष्णुता म्हणजे मेहेरबानी नव्हे, हे युनेस्कोच्या १९९५च्या जाहीरनाम्यातही स्पष्ट म्हटलंय. तेव्हा 'परधर्मीयांना मोकळीक देतात' असं सरळ लिहा.

णू: शेवटी आला की दीर्घ (सहिष्णू, असहिष्णू, परमतसहिष्णू), पुढे काही जोडलं की ऱ्हस्व (सहिष्णुता, सहिष्णुवृत्ती). 'सहिष्णूता' ही छापील मजकुरातली नेहमीची चूक. सोशीकमधला शी दीर्घ, पण सामान्यरूपात 'सोशिकाला'.

बांधावरून:
दुसरं वाक्य ठेवा, फक्त 'क्षारसहनशील वाण' असं जोडून लिहा. पण पुस्तिकेत रोगांचा भाग असेल तर जपून. 'रोगप्रतिकारक' आणि 'रोगसहनशील' एकाच अर्थाने वापरू नका. प्रतिकारक वाण रोगकारकाची वाढच रोखतो. सहनशील वाणावर रोग येतो, लक्षणंही दिसतात, तरी उत्पादन फारसं घटत नाही. ही अदलाबदल झाली तर डाग दिसताच वाचणारा म्हणेल, बियाणं खोटं निघालं.

तिरपी_रेघ:
तिसऱ्यातला 'शून्य' काढाच. मराठीत हे क्रियापदाने बोलतात: 'गैरवर्तन अजिबात खपवून घेतलं जाणार नाही.' खपवून घेणं बहुधा नकारातच येतं. होकारात आलं तर तो आरोप असतो: 'इतके दिवस हे खपवून कसं घेतलंत?' त्याचा जोडीदार 'गय करणे'. कृत्य खपवून घेत नाहीत, माणसाची गय करत नाहीत. 'गैरप्रकारांची गय केली जाणार नाही' ही सरमिसळ सर्रास दिसते.

चौथ्यात 'नवख्यांना सांभाळून घेणारे वरिष्ठ'. 'चुका पोटात घालणारे'ही चालेल, पण त्यात वडीलधारी माया येते, कार्यालयीन मजकुराला जरा जड. 'चालवून घेणारे' मात्र नको. चालवून घेणं वस्तूतल्या किंवा कामातल्या उणिवेबद्दल असतं (खुर्ची डुगडुगते, चालवून घ्या). वरिष्ठांबद्दल लिहिलंत तर कामाचा दर्जा ढिला आहे असा अर्थ निघेल.

काना_मात्रा:
चारही सुटली. एक शेपूट: पुढच्या पानावर 'औषध टॉलरेट न होणे' आहे. 'औषधाबाबत असहिष्णुता' लिहू का? आणि सोशीकच्या विरुद्ध 'असोशी' चालेल?

उपान्त्य:
'औषध सोसत नाही' किंवा 'मानवत नाही'. इथे 'सोसणे' चतुर्थी घेतं: 'त्याला हे औषध सोसत नाही', म्हणजे शरीराची कुवत. 'त्याने खूप सोसलं' म्हटलं की तो भोगलेला त्रास. पण तीच मात्रा पुरेनाशी होऊन वाढवावी लागते, असा अर्थ असेल तर 'शरीराला औषधाची सवय झाली' असं लिहा. तिथे सोसणं चालणार नाही.

'असोशी' म्हणजे अनावर ओढ, हावरेपणा. सोशीकशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही. माणसाबद्दल असेल तर 'असहनशील'पेक्षा 'त्याला जराही सोसवत नाही' बरं.