प्रतिसाद: ‘तो’ म्हणायचं की ‘ते’?

‘तृतीयपुरुषी निवेदक तटस्थ असतो, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी’ हे कथालेखनाच्या या चर्चेत वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. असा निवेदक ‘मी’ न म्हणता पात्रांबद्दल ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणत गोष्ट सांगतो. पण मराठीत तो तटस्थ राहूच शकत नाही. घरात वडील शिरले की पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, ‘तो आला’ की ‘ते आले’? ‘ते’ लिहिलं की निवेदक मुलांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. ‘तो’ लिहिलं की बरोबरीचा झाला, किंवा चक्क वरचढ. माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात एकाच प्रकरणात दोन्ही झालं होतं आणि ते माझ्या नाही, वाचणाऱ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. मग दुरुस्त करत बसण्याऐवजी तेच वापरलं: मुलीच्या नजरेतली प्रकरणं ‘ते’मध्ये, आईच्या नजरेतली ‘तो’मध्ये. कोण बघतंय हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

प्रथमपुरुषात, म्हणजे ‘मी’ने सांगितलेल्या गोष्टीतही, अशी एक गोची आहे. निवेदक बाई आहे की पुरुष हे काही काळ लपवायचं असेल, तर ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हटलं की संपलं. ‘जातो-जाते’, ‘जायचो-जायचे’ यांतूनही सुटका नाही. ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ अशी कर्माप्रमाणे बदलणारी क्रियापदं चालतात, भविष्यकाळातलं ‘जाईन’ही चालतं. पण पाच-सहा पानांनंतर दम लागतो, कारण निवेदकाला साधं बसता-उठताही येत नाही!