टीव्हीमागच्या भिंतीला डार्क ब्राऊन, दोन शेडमध्ये अडकलोय

नाशिककर मंडळी, मत हवंय. इंदिरानगरला फ्लॅट आहे, हॉलची टीव्हीमागची एकच भिंत डार्क ब्राऊन करायचीय. शेरविन विल्यम्स या अमेरिकन रंगकंपनीच्या अर्बेन ब्राँझ आणि ब्लॅक फॉक्स अशा दोन शेड आवडल्यात, इथल्या डीलरकडे टिंटिंग (रंग मिसळायच्या) मशीनवर मॅच करून घेणार. एलआरव्ही एकीचा 8, दुसरीचा 7, फोटोत तर मला दोन्ही सारख्याच दिसतात. खिडकी पश्चिमेला, दरवाजे सागवानी, फरशी क्रीम. कोणती घेऊ?

गंगापूररोडकर
एलआरव्ही म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तेवढंच, 0 काळा 100 पांढरा, त्यावरून झाक कळत नाही दादा. अर्बेन ब्राँझमध्ये करडी-हिरवट झाक आहे, ब्लॅक फॉक्स जास्त तपकिरी आणि उबदार. तुमचे दरवाजे सागवानी म्हणजे लालसर पिवळे, त्यांच्या शेजारी ती हिरवट झाक अजून उठून दिसणार. मी डोळे झाकून ब्लॅक फॉक्स सांगेन.

रंगकाम_सातपूर
डोळे झाकून नको, मॅचिंगचा रंग आहे. दुसऱ्या कंपनीची शेड मशीनवर काढली की पिगमेंट वेगळे पडतात, मग दुकानातल्या उजेडात जुळलेला रंग घरच्या एलईडीखाली वेगळा दिसू शकतो. आधी दोन्हीचे छोटे डबे काढा, जाड ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा. थेट भिंतीवर पॅच मारू नका, जुना रंग आजूबाजूला असला की डोळा फसतो. शीट वाळू द्या मग दरवाज्याला लावून सकाळी बघा, पश्चिमेचं ऊन आत येतं तेव्हा बघा आणि रात्री दिवे लावून तर बघाच, कारण हॉलमध्ये बसणं होतं ते रात्रीच. आणि फिनिश मॅटच घ्या, शीन म्हणजे चमकवालं घेतलंत तर गडद रंगात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. खाली करडा प्रायमर मारायला सांगा, पांढऱ्यावर गडद रंग झाकायला जास्त हात लागतात.

इंदिरानगरवाला (प्रश्नकर्ता)
भारी माहिती, धन्यवाद दोघांना. हॉलमध्ये सगळे 6500 केल्विनचे पांढरे दिवे आहेत, त्याने फरक पडेल का?

रंगकाम_सातपूर
पडेल ना, त्या उजेडात ब्राऊन गार आणि मेलेला दिसतो. 3000 केल्विनचा एक पिवळसर दिवा आणून त्याखाली शीट धरा, मग ठरवा. दिवे बदलायचे नसतील तर अर्बेन ब्राँझ काढूनच टाका यादीतून.

इंदिरानगरवाला (प्रश्नकर्ता)
ओके, दिवा आणि शीट उद्याच मेनरोडवरून आणतो, दोन्ही छोटे डबे पण काढायला सांगतो.