विजयदुर्ग: आरमार डोळ्यांसमोर ठेवून किल्ला बघायचा असेल तर वेळ कुठे द्यावा?

सुकाणू७२

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना आणि सातवीतल्या लेकीला घेऊन विजयदुर्गला जायचं ठरतंय. बाबांची नोकरी मुंबईत गोदीत झाली, जहाजदुरुस्तीच्या खात्यात. तटबुरुजांत त्यांना फारसा रस नाही, पण आंग्र्यांची जहाजं कुठे दुरुस्त व्हायची ती जागा मरायच्या आधी एकदा बघायची आहे, असं ते गेली कित्येक वर्षं म्हणतात. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणून आणखी पुढे ढकलायचं नाही.

विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावातली जुनी गोदी बघता येते का? बाबांना किल्ल्यात कितपत चालावं लागेल? आणि हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं लेकीने कुठेतरी वाचलंय. ती जागा तिला दाखवायची आहे. मुक्काम एकच रात्र करता येईल.

रानवाट

मुंबई-गोवा हायवेवर तळेरे सोडलंत की पडेल कॅन्टीनवरून रस्ता थेट विजयदुर्गात उतरतो. डोंगर चढायचा प्रश्नच नाही, एसटी स्टँडपासून किल्ल्याचा दरवाजा हाकेच्या अंतरावर आहे. आत मात्र चढउतार आहे आणि बुरुजांच्या पायऱ्या उंच आहेत. पाऊस लांबला असेल तर दगडांवर शेवाळ राहतं, त्यामुळे बाबांच्या पायात पकड असलेली चप्पल हवी.

खाडीकाठ

माझं आजोळ गिर्ये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोदीची वेळ आधी ठरवा आणि बाकीचा दिवस त्याप्रमाणे बसवा. लोक उलट करतात. किल्ल्यात दमून बाहेर येतात, जेवतात, तोवर खाडी भरलेली असते. मग गोदी म्हणजे पाण्याची एक चौकोनी खाचर दिसते आणि माणूस दोन मिनिटांत परत फिरतो. ती बघायची ओहोटीला. कातळ तासून केलेल्या बाजू तेव्हा उघड्या पडतात. तळाशी गाळ भरलाय, पण बाबांना समजावून सांगावं लागणार नाही. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, पाणी उतरलं की ते तळाला टेकणार, आणि सुतारांना बूड मोकळं मिळणार. फळ्यांच्या सांध्यांत कापूस-तेल भरण्यापासून सगळं काम त्या उघड्या बुडावर. ज्यांनी हयातभर तेच काम केलं, त्यांनी तिथे उभं राहणं ही मोठी गोष्ट आहे. घाई करू नका.

आणि गोदी इतकी आत का, हे लेकीला नक्की सांगा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की शिडाचं जहाज उघड्या समुद्रावर ठेवता येत नाही. वाघोटणची खाडी खोल आहे, वळणाची आहे, दोन्ही अंगांनी डोंगरांचा आडोसा आहे. आरमार पावसाळाभर त्या आडोशाला राहायचं. म्हणजे जपायची वस्तू खाडीत होती आणि किल्ला हा तिच्या तोंडावरचा पहारा. हे लक्षात ठेवून किल्ल्यात गेलात तर तिहेरी तटबंदी वेगळी दिसते. खाडीकडच्या बुरुजावर उभं राहून तोंडातून आत येणारी एखादी मच्छीमार बोट नजरेने पकडा. ती किती वेळ तोफांच्या टप्प्यात राहते ते बघा.

कान्होजी आंग्र्यांनी 1698 च्या सुमारास इथे तळ केला. त्यांची गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, पुढे बुटकी असायची, त्यामुळे नाळेवरून (जहाजाच्या पुढच्या टोकावरून) समोर तोफ डागता यायची. गलबतं हलकी, वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या अंगावर नेत. 1720 मध्ये इंग्रज ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेऊन आले, 1724 मध्ये डच आले. दोघेही हात हलवत परत गेले.

1756 च्या फेब्रुवारीत मात्र इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, आणि या वेळी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजावर गेली, आणि दाटीने नांगरलेलं आरमार बघता बघता जळून गेलं. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचं आरमार चालवलं, पण कान्होजींच्या काळातला तो दरारा परत आला नाही. आपल्या घरच्या भांडणात आपलंच आरमार गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. किल्ला दाखवणारे हा भाग दोन वाक्यांत उरकतात. तुम्ही उरकू नका.

गिर्येचं रामेश्वर मंदिर अजिबात चुकवू नका. जांभा फोडून काढलेल्या वाटेने खाली उतरायचं. तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे आणि जुन्या जहाजाची डोलकाठीही आहे. बाबा त्या लाकडाला हात लावून बघतील याची मला खात्री आहे.

समुद्राखालच्या भिंतीबद्दलही कोणीतरी सांगेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्यात उतरून तिची पाहणी केलेली आहे, पण तटावरून फक्त पाणी दिसतं. त्यासाठी थांबू नका.

वर्णपट

हेलियमबद्दल, कारण लेकीला बरोबर गोष्ट कळायला हवी. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तर इंग्लंडातच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट (प्रकाश फोडून दिसणाऱ्या रंगरेषा) घेतला. सोडियमच्या रेषांशेजारची, पण सोडियमची नसलेली पिवळी रेषा, ती हेलियमची.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. त्याच्या तीन वर्षं आधीच, 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमझी यांनी पृथ्वीवर हेलियम वेगळा केला होता. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात ते या ग्रहणमोहिमेशी जोडलेले. ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून त्यांच्याकडून निरीक्षणं करून घेतली होती. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो, त्यामुळे दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत. ओटे जरूर दाखवा, फक्त साल 1898 सांगा.

सुकाणू७२

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी गोदीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. @खाडीकाठ, ओहोटीची वेळ कशी काढायची? तारीख त्यावरच ठरवतो.

खाडीकाठ

आमच्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-सव्वापाच. उधाण असल्यामुळे पाणीही खूप खाली जातं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउतार) असतो, पाणी फारसं उतरत नाही आणि ऊनही डोक्यावर.

तुम्हाला दिवाळीनंतरच जायचंय, तर त्रिपुरी पौर्णिमा किंवा तिच्या आदला दिवस धरा. चतुर्दशीला ओहोटी साडेचारच्या सुमारास येईल, उजेडही भरपूर मिळेल. सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला, जेवून बाबांना तास-दीड तास आडवं होऊ द्या, मग रामेश्वर आणि तिथून गोदी. निघायच्या आधी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक एकदा बघून घ्या, पाऊणपटीच्या हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे होतो. गोदीत खाली उतरू देऊ नका, गाळात पाय रुततो. काठावरून सगळं दिसतं.